सेफ्टी स्टॉपवर ३० बार: मुरलेल्या डायव्हर्सच्या गटात एअर पुन्हा पुन्हा कमी का पडते?

तक्रार नेहमी एकाच थाटाची असते. चौघे डायव्हर, चौघांचीही लॉगबुकं भरलेली, खाली असताना दर थोड्या वेळाने एकमेकांना ओके दाखवलेले. तरी वर येताना पाच मीटरवर थांबायचं असतं, त्या सेफ्टी स्टॉपला एकाच्या सिलिंडरच्या गेजचा (दाबमापकाचा) काटा ३० बारवर, कधी २० वर; सुरुवात २०० च्या आसपास झालेली असते. बोटीवर चढल्यावर ठरलेला संवाद होतो. "अरे, सांगायचं नाही का?" "सांगितलं होतं की!" गंमत म्हणजे दोघेही खरं बोलत असतात.

नव्या डायव्हरच्या बाबतीत हे घडत नाही, कारण त्याच्याकडे इन्स्ट्रक्टरचं लक्ष असतं आणि तो स्वतःही धास्तीने दर मिनिटाला गेज बघतो. घडतं ते अनुभवी लोकांच्या गटात. नाशिकच्या गटांत जरा जास्तच, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे समुद्र नाही. कोणी तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात शिकलं, कोणी गोव्याला ग्रँड आयलंडवर, कोणी अंदमानात स्वराज द्वीपवर, कोणी पुदुच्चेरीला. प्रत्येक ठिकाणची खुणांची पद्धत थोडी वेगळी. पावसाळ्यात कोकण किनारा बंद, म्हणजे हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही सुट्ट्या जुळल्या तर मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, एखादं वर्ष अंदमान. मधल्या काळात पोहण्याच्या तलावात सराव होतो खरा, पण तलावाच्या खोल टोकालाही हवा इतकी हळू संपते की गेज बघायची सवयच मोडते.

आधी यंत्र, मग माणूस

यंत्राचा दोष क्वचित निघतो, पण तो आधी बाजूला काढला की पुढचं बोलणं सोपं होतं.

सिलिंडर लावल्यावर गेजवर नजर ठेवून चार-पाच खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. बोटीवर हे जाणवत नाही. ३० मीटरवर प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते, तेव्हा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र, जड लागायला लागतो. पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी सवय सोडून द्या. बोटीवरचा पोऱ्या घाईत दिशा चुकतो, पूर्ण बंद करून पाव फेरा उघडतो आणि बसतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, तिथेच ठेवा.

सिलिंडर नुकताच भरून आलेला, हाताला गरम लागतोय आणि गेज २०० दाखवतोय, तर ते खरे २०० नाहीत. ५० अंशांवरचे २०० बार २५ अंशांच्या पाण्यात सुमारे १८५ होतात. हिशेब पाण्यात उतरल्यावरच्या आकड्यावर करा.

गेज खालच्या टोकाला फसवतो. १५० ला बरोबर दाखवणारा काटा ३० ला पाच-दहा बार इकडेतिकडे असू शकतो. हवा पूर्ण सोडल्यावर काटा शून्याला टेकत नसेल तर तो गेज बदला. नाशिकमध्ये राहून अंबड-सातपूरच्या एखाद्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये गेज तपासून घ्यायचा मोह होतो, आपल्यातले निम्मे लोक त्याच धंद्यातले. पण तिथल्या बऱ्याच टेस्टरमध्ये तेल असतं. श्वासाच्या हवेचा गेज तेलावर लावू देऊ नका, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) वापरणाऱ्यांनी तर अजिबात नाही. त्याच सिलिंडरवर दुसरा, खात्रीचा गेज लावून दोन-तीन दाबांना तुलना करा. तेवढं पुरतं.

ट्रान्समीटरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या सिलिंडरचा दाब बिनतारी मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर येतो त्यांच्यासाठी, एकच: सिग्नल गेला की काही कॉम्प्युटर थोडा वेळ शेवटचाच आकडा दाखवत राहतात. दोन वेळा बघूनही आकडा हलला नसेल तर आनंद मानू नका. मी स्वतः ट्रान्समीटरसोबत साधा गेजही ठेवतो. एक होज (नळी) जास्त झाला म्हणून ज्यांना लाज वाटते त्यांनी खुशाल हसावं.

आकडा सांगितला, पण पोचला का?

यंत्र ठीक निघालं, आणि बहुतेक वेळा ते निघतंच, की खरी गाठ इथे सापडते. व्हिडिओ असेल तर तो लावून बघा. एक जण तळहातावर दोन बोटं ठोकून विचारतो, एअर किती? दुसरा उत्तर देतो, ओके. प्रश्न आकड्याचा होता, उत्तर तब्येतीचं आलं. विचारणाऱ्याचं समाधान झालं, कारण समोरचा जुना खेळाडू आहे. असं तीनदा झालं की वीस मिनिटं पाण्यात गेली आणि गटातल्या कोणालाही कोणाचाच आकडा माहीत नाही.

दुरुस्ती अगदी कोरडी आहे. एअर विचारली की उत्तर आकड्यानेच द्यायचं. ओके आलं तर प्रश्न पुन्हा विचारायचा, हवं तर तिसऱ्यांदा. ज्याने आकडा पाहिला त्याने तोच आकडा स्वतःच्या हाताने परत करून दाखवायचा आणि मग स्वतःचा सांगायचा. दोन आकडे, दोन पावत्या, दहा सेकंद. विमानतळावरचा कंट्रोलर पायलटला उंची सांगतो आणि पायलट ती जशीच्या तशी परत म्हणतो, तीच ही पद्धत.

किती वेळाने? २५-३० मीटरवर दर पाच मिनिटांनी, १२-१५ मीटरवर दहा मिनिटांनी चालतं. शिवाय १०० बारला पोचलेल्याने न विचारता सांगायचं. हा शेवटचा नियम कॅमेरावाल्यांना विशेष लागू. ते दगडाच्या कपारीत तोंड खुपसून न्युडीब्रँकचे (रंगीत समुद्री गोगलगायींचे) फोटो काढत असतात, त्यांना शोधून विचारायला जाणारा स्वतःची हवा जाळतो.

मूठ म्हणजे काय?

गटातल्या सगळ्यांना किनाऱ्यावर बसवा आणि सांगा, १५० बार दाखवा. मग ५०, मग ७०, मग १३०. पहिल्याच फेरीत हशा पिकतो आणि मग जरा शांतता पसरते.

एक जण कोपराखाली हातावर एक बोट ठेवतो, म्हणजे शंभर, आणि मग हवेत पाच बोटं, म्हणजे पन्नास. दुसरा आकडे सुटे सुटे दाखवतो: एक, पाच, शून्य. तिसरा दोन्ही हातांनी टी करतो, म्हणजे शंभर किंवा अर्धा सिलिंडर, आणि पुढचे दहा-दहा बोटांनी. चौथा शंभर धरूनच चालतो, तो नुसता पंजा दाखवतो. त्याचा पंजा १५० चा आहे की ५० चा, हे त्याच्या मनात स्पष्ट असतं. तोच पंजा उभा धरला तर 'थांब' असाही अर्थ होतो.

सगळ्यात धोकादायक मूठ. सुटे आकडे दाखवणाऱ्यांसाठी मूठ म्हणजे शून्य. बाकीच्या बहुतेकांसाठी छातीपाशी धरलेली मूठ म्हणजे हवा कमी आहे, ५० बारला आलो. आता १३० दाखवताना एक, तीन, मूठ असं झालं आणि पाहणाऱ्याची मान वळेपर्यंत फक्त मूठ दिसली, तर तो दचकून वर निघेल. ते परवडलं. उलटं घडलं, म्हणजे खरंच ५० ला आलेल्याची मूठ समोरच्याने शून्यच समजून पुढच्या आकड्याची वाट पाहिली किंवा ओके देऊन पुढे पोहायला लागला, तर महाग पडतं. टी आणि सेफ्टी स्टॉपची खूण (आडवा तळहात, त्याखाली तीन बोटं) यांचीही गढूळ पाण्यात गल्लत होते.

कोणती पद्धत चांगली यावर वाद घालत बसू नका, एक ठरवा. माझी पसंती एका हाताने सुटे आकडे दाखवण्याला: एक ते पाच बोटं उभी, सहा ते नऊ बोटं आडवी (आडवं एक बोट म्हणजे सहा, आडवी चार म्हणजे नऊ), आणि शून्यासाठी मूठ नाही, तर बोटं व अंगठा जुळवून केलेला गोल, बाकीची बोटं मिटलेली, म्हणजे ओकेशी गफलत होत नाही. एक हात मोकळा राहतो, दोरी किंवा टॉर्च धरता येते. मूठ फक्त एकाच गोष्टीसाठी राखून ठेवा: हवा कमी आहे. हात छातीसमोर धरा, बाजूला नाही. रात्रीच्या डाइव्हला टॉर्चचा झोत स्वतःच्या हातावर टाका, समोरच्याच्या डोळ्यांत नाही.

भाड्याच्या सेटवर कधीकधी पीएसआयचा गेज येतो. १००० पीएसआय म्हणजे सुमारे ७० बार. बोटीवरच ज्याच्या हाती असा गेज येईल त्याने ते मोठ्याने सांगावं आणि शक्य असेल तर सेट बदलून घ्यावा. पाण्याखाली भागाकार कोणी करू नये.

५० बारचा नियम कुठपर्यंत चालतो

खुणा जुळल्या, आकडे पोचले, तरी अडचण उरतेच, कारण आकड्यावर करायचं काय हे ठरलेलं नसतं. बोटीवरच्या ब्रीफिंगमध्ये 'पन्नासला वर' एवढंच सांगितलं जातं. सगळे मान डोलावतात. कोणाला पन्नासला बोटीवर हवं असतं, कोणाला पन्नासला तळ सोडायचा असतो.

हा पन्नासचा आकडा हवेत बांधलेला नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. गणित करून बघू. एकाची हवा गेली आणि दोघे एका सिलिंडरवर वर येत आहेत असं धरा. ताणाखालचा माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर सहज ओढतो, म्हणजे दोघांचे ४०. गोंधळ निस्तरायला दोन मिनिटं, मिनिटाला ९ मीटर वेगाने वर, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं.

१८ मीटरवर दाब २.८ पट. दोन मिनिटांचे २२४ लिटर, वर येण्याच्या दोन मिनिटांत सरासरी १.९ दाबाने १५२, स्टॉपवर १.५ दाबाने १८०. एकूण ५५६ लिटर. नेहमीच्या ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये हे बरोबर ५० बार होतात. पहिल्या कोर्सची मर्यादा १८ मीटरच असते, तिथे शिकवलेला नियम तिथे चपखल बसतो.

आता ३० मीटर. दाब ४ पट. दोन मिनिटांचे ३२०, वर येण्याच्या साधारण चार मिनिटांचे सरासरी २.५ दाबाने ४००, स्टॉपचे १८०. एकूण ९०० लिटर, म्हणजे ८१ बार. दोघेही चांगलेच घाबरलेले असतील, प्रत्येकी ३० लिटर ओढत असतील, तर १३५० लिटर, १२२ बार. म्हणजे अंदमानातल्या खोल डाइव्हवर जो ५० बारला तळ सोडतो, त्याच्याकडे स्वतःपुरती हवा असते, बडीला (जोडीदाराला) द्यायला नसते. कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेसारख्या जागी प्रवाळाचा माथाच वीस मीटरच्या आसपास लागतो. तिथे उथळ पाण्यात बसून उरलेली हवा पुरवायची सोयही नाही.

म्हणून ब्रीफिंगमध्ये दोन आकडे ठरवून पाटीवर लिहा. पहिला किमान: ३० मीटरसाठी ८० बार, त्याला पोचलं की तळ सोडायचा, चर्चा नाही. दुसरा वळण्याचा. सुरुवात २०० वर असेल तर वापरायला १२० उरतात. नांगराच्या दोरीपाशीच परत यायचं असेल तर त्याचे निम्मे, ६०, जाताना. म्हणजे १४० ला वळायचं. प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि बोट मागून उचलणार असेल तर वळायचा प्रश्न येत नाही, किमान आकडा तोच राहतो. गट वळतो तो पहिला माणूस वळणाच्या आकड्याला पोचल्यावर, सरासरी काढून नव्हे.

सिलिंडर वेगवेगळे असतील तर बार हा शब्दच दगा देतो. तेच ९०० लिटर १० लिटरच्या सिलिंडरमध्ये ९० बार, १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ७५. दोघांचे काटे ८० वर म्हणजे दोघे सारखे, असं नाही.

भीड

आता जे लिहितोय ते कोणत्याही कोर्सच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात नसतं, पण आपल्याकडच्या निम्म्या प्रकरणांचं मूळ हेच. गटात एक सर असतात. वयाने मोठे, कदाचित त्यांनीच बाकीच्यांना या नादाला लावलेलं. खाली ९० बारवर आलेली मुलगी त्यांना आकडा दाखवते. सर ओके देतात आणि कासवाकडे बोट दाखवतात. तिने अंगठा वर करायला हवा होता; पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' नाही, 'वर चला'. तिने नाही केला. 'सरांना कळत असेलच,' हे वाक्य वर आल्यावर हमखास ऐकू येतं. भीड भिकेची बहीण, ही म्हण लिहिणाऱ्याने रेग्युलेटर तोंडात धरला नव्हता, पण माणसं ओळखली होती.

विमानवाहतुकीने हा धडा फार महाग घेतला. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं उड्डाण अमेरिकेत पोर्टलंडजवळ घिरट्या घालत होतं. चाकांचा बिघाड होता, कॅप्टन त्यात गुंतला होता. इंधन कमी होतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं, त्यांनी ते सांगितलंही, पण ठामपणे नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली, विमान शहराच्या वस्तीत कोसळलं, १८९ पैकी १० जण गेले. गेज चालू होता, आकडा उच्चारला गेला होता, फक्त निर्णय झाला नाही. पुढे १९८१ मध्ये त्याच कंपनीने वैमानिकांसाठी सांघिक संवादाचं प्रशिक्षण सुरू केलं, जे आज सगळीकडे सक्तीचं आहे.

आपल्या पातळीवर उपाय असे. हवेचा हिशेब ठेवायचं काम गटातल्या सर्वांत कमी अनुभवी माणसाला द्या, सरांना नको. तो विचारणार, बाकीचे उत्तर देणार. हे त्याचं कामच असल्याने भीड वाटायचं कारण उरत नाही, आणि सरांनाही आकडा द्यावा लागतो. दुसरं, वर केलेल्या अंगठ्याला एकच उत्तर: अंगठा. कारण विचारायचं नाही, 'अजून पाच मिनिटं' नाही, कासव नाही. तिसरं, बोटीवर त्याची थट्टा करायची नाही. हे तिसरं पाळणं सर्वांत अवघड, कारण मालवणच्या जेट्टीवर सोलकढी पिताना चेष्टा करायला आपल्याला दुसरं काही सुचत नाही.

बघण्याआधी ओळखा

ज्याला स्वतःचा हवेचा खप माहीत आहे त्याला गेज फक्त खात्रीसाठी लागतो. शेवटच्या काही डाइव्हचे आकडे काढा. समजा २०० पासून ६० पर्यंत, सरासरी १५ मीटरवर ४० मिनिटं. १४० बार गुणिले ११.१ म्हणजे १५५४ लिटर. भागिले ४० मिनिटं, भागिले २.५ दाब. साडेपंधरा लिटर मिनिटाला.

पंधरा धरा. १० मीटरवर पाच मिनिटांत सुमारे १४ बार, २० मीटरवर २०, ३० मीटरवर २७. दर पाच मिनिटांनी गेज उचलण्याआधी मनात आकडा धरा आणि मग बघा. दहा बारच्या आत जुळला तर ठीक. काटा अपेक्षेपेक्षा खाली असेल तर काहीतरी घडतंय: होज गळतोय, प्रवाह वाढलाय, तुम्ही दमताय. काटा अपेक्षेपेक्षा वर असेल तर गेज किंवा ट्रान्समीटर तपासा. बडीचा आकडाही असाच आधी ओळखायचा. दोन-तीन डाइव्हनंतर हे जमतं, आणि मग 'अचानक कमी झाली' हे वाक्य गटातून नाहीसं होतं.

सराव नाशिकमध्येच होऊ शकतो. तलावात हवा संपत नाही, म्हणून गेजवर टेप लावा आणि प्रत्येकाला वॉटरप्रूफ कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्या: १९०, १७०, १४५, ११०, ९५. दर दोन मिनिटांनी एक चिठ्ठी काढायची, तोच त्याचा आकडा. मधेच एखाद्याच्या गठ्ठ्यात १४५ नंतर एकदम ८५ घाला आणि गट किती वेळात अंगठा वर करतो ते बघा. पहिल्या वेळी करतच नाही. खुणांचा सराव तर नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसल्यापासून सुरू करता येतो. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत टॉर्चच्या खुणांचाही होतो. बाकीचे प्रवासी बघतात, बघू दे.

हे सगळं करूनही एकाचीच हवा आधी संपते

मग तो त्या माणसाचा प्रश्न आहे, संवादाचा नाही. कमरेची वजनं जास्त आहेत का बघा; आपल्याकडे गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाताना वाढवलेली शिसं पुढे कधी कमी होतच नाहीत. रेग्युलेटरची सर्व्हिस कधी झाली? तो हातांनी पोहतो का? बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये) सारखी हवा भरतो आणि सोडतो का? यातलं काही निघालं तर दुरुस्त करा.

काहीच निघालं नाही आणि शांत असतानाही तो २० लिटर ओढतो, तर त्याला १५ लिटरचा सिलिंडर द्या आणि त्या जोडीचे किमान आकडे नव्याने काढा. ताणाखाली त्याचे ३० आणि बडीचे २० धरले तर ३० मीटरसाठी ९०० ऐवजी ११२५ लिटर लागतात. त्याच्या स्वतःच्या सिलिंडरमध्ये ते ७५ बार. पण त्याची हवा गेली तर तो बडीच्या ११.१ लिटरवर येणार, म्हणून बडीचा किमान आकडा ८० वरून १०० च्या वर जातो. हा दुसरा आकडा लोक काढायला विसरतात. पाटीवर त्या जोडीसमोर दोन्ही लिहा: त्याचे ७५, बडीचे १०५.